आधी पाणी, मग मासे

जे पाणी आपण निर्धास्तपणे पितो ते माशांनाही मानवेल, असे आपण गृहीत धरतो. हा समज चुकीचा आहे. शहरांत नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी बहुधा क्लोरीन मिसळतात. त्याचा अल्प अंश आपणांस बाधत नाही. मासा मात्र पाण्यातच श्वास घेतो. क्लोरीनमुळे त्याच्या कल्ल्यांच्या नाजूक पेशींना इजा होते व तो गुदमरतो.

मग 'आर. ओ.' यंत्राचे पाणी चांगले का? नुसते तेही नव्हे. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगातून क्षार सतत झिरपत असतात. भोवतालच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतील, तर ही तूट कशी भरून निघणार?

म्हणून नळाचेच पाणी रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडे ठेवा. क्लोरीन बराचसा उडून जातो. पाण्यात क्लोरामाइन असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. सोडियम थायोसल्फेटसारखे द्रव्य योग्य प्रमाणात घालावे लागते, आणि त्यातून सुटणाऱ्या अमोनियावरही लक्ष ठेवावे लागते.

हा विषारी अमोनिया माशांच्या उत्सर्गातूनही येतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जीवाणू टाकीतल्या वाळूत आणि गाळणीत वाढायला काही आठवडे लागतात. सारी टाकी नळाखाली घासून लख्ख केली, की हे मदतनीसही जातात. एका वेळी चौथा हिस्सा पाणीच बदलावे.

शिक्षकहो, शाळेत टाकी येते त्याच दिवशी मासेही आणण्याची प्रथा मोडावी, असे मला वाटते. काही आठवडे मुलांना नुसते पाणी तपासू द्या. विज्ञान तिथेच सुरू होते.