पोकळ भिंतींची युक्ती आणि बालाजी घाटाचे दगड

सुमारे 2 इंच व्यासाच्या नळ्यांतून थंड वा उष्ण हवा वेगाने सोडली की छत न फोडता जुनी वास्तू वातानुकूलित होते, असे उच्चवेग प्रणालीचे समर्थक सांगतात. विधान खरे आहे. पण ते अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरांबद्दल. तेथील भिंती आतून पोकळ असतात, नळी त्यांतून सहज ओवता येते. वाराणसीच्या बालाजी घाटावर, पेशव्यांचे नाव सांगणाऱ्या वास्तूंत, भिंत म्हणजे भरीव दगडी बांधकाम. तेथे नळीसाठी दगड कोरावा लागेल, नाहीतर ती भिंतीवरून उघडीच न्यावी लागेल. मग बारीक नळीचा लाभ उरला कोठे? स्प्लिट यंत्राच्या तांब्याच्या नळ्या तर त्याहूनही बारीक असतात!

श्रेय द्यायचे तेथे द्यावे. या प्रणालीचे शीतक वेटोळे अधिक थंड राहते, म्हणून हवेतील बाष्प अधिक निघते. श्रावणातल्या काशीत हा गुण मोलाचा. वैशाखातील कोरड्या झळांत त्याचा काय उपयोग? किंमत मात्र वर्षभर मोजायची. पंख्याला किमान 1.2 इंच जलस्तंभाइतका दाब निर्माण करावा लागतो. नेहमीच्या प्रणालीत साधारण 0.5 पुरतो. हवा कमी लागते हे मान्य. तरी पंख्याची वीज वाढतेच. शिवाय मुखातून हवा मिनिटाला 1000 फुटांहून अधिक वेगाने सुटते आणि शेवटच्या टप्प्यात ध्वनिशोषक नळी नसेल तर शीळ घालते. बिस्मिल्ला खाँ ज्या बालाजी मंदिरात रियाझ करीत, त्याच्या शेजारी ही शीळ कोणाला हवी आहे?

गच्चीवर चुन्याचा पांढरा लेप आणि दुपारची सावली यांचा हिशेब आधी मांडावा. त्यानंतर किती टन शीतन उरते, ते समर्थकांनी सांगावे.