शून्य युरोपात नेला कोणी?

शून्य भारताने जगाला दिला हे आपण तिसरी-चौथीपासून मुलांना सांगतो. बरोबरच आहे ते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्य घेऊन बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहून ठेवले. पण दिला म्हणजे कसा? नेला कोणी? इथे आपण फळा पुसतो आणि एकदम युरोपात उतरतो. मधली पाच-सहाशे वर्षं गायब!

ती वर्षं अरबी भाषेत आहेत. आठव्या शतकात संस्कृत ज्योतिषग्रंथ बगदादच्या खलिफाच्या दरबारी पोहोचला, अरबीत आला. नवव्या शतकात तिथल्याच अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं. त्याच्या नावावरून अल्गोरिदम, आणि त्याच्याच दुसऱ्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून अल्जिब्रा.

शून्य या शब्दाचा प्रवास तर फळ्यावर लिहून दाखवावा. शून्य म्हणजे रिकामं. अरबीत रिकाम्याला 'सिफ्र'. लॅटिनमध्ये त्याचं 'झेफिरम', पुढे इटलीत 'झिरो'. तोच झिरो आज आपल्या पोरांच्या तोंडी आहे.

मला सांगायचंय ते वेगळंच. अरबांनी या अंकांना 'हिंदी अंक' म्हटलं, आजही म्हणतात. उत्तर आफ्रिकेत हे गणित शिकलेल्या इटलीच्या फिबोनाचीने १२०२ च्या पुस्तकात हे अंक भारतीयांचे असं स्पष्ट लिहिलं. म्हणजे त्यांनी आपलं नाव घेतलं. आपण मात्र त्यांचं घेत नाही!

(फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने तर १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदीच घातली होती. रक्कम अक्षरी लिहा म्हणे. आपण चेकवर अजून लिहितोच की.)

काही पालक म्हणतील, सर, यानं आपलं श्रेय कमी होतं. कसं काय होतं? उलट आपला माल किती लांब गेला ते कळतं. आणि ही मंडळी नुसती हमाल नव्हती. बीजगणिताला त्यांनी स्वतंत्र शास्त्र केलं. इब्न सीनाचा वैद्यकाचा ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतकं शिकवला जात होता.

भोकरदनसारख्या गावात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. अब्दुल आणि अविनाश एकाच बाकावर बसतात. अर्धीच गोष्ट सांगितली तर एकाला वाटतं सगळं आपलंच, दुसऱ्याला वाटतं यात आपलं काहीच नाही. दोन्ही खोटं. 'वजाबाकी' या आपल्या शब्दातले वजा आणि बाकी दोन्ही अरबीतून आलेत, 'हिशेब'सुद्धा.

चौथी-पाचवीला एक तास द्या. जवळच्या उर्दू शाळेतून गणिताची एखादी वही मागून आणा. अक्षरं उजवीकडून डावीकडे लिहिलेली दिसतील, पण संख्या मात्र आपल्यासारखी, डावीकडून उजवीकडे. असं का, हे मुलांनाच विचारा.