चौथ्या नंबरची दीपा

१४ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवतेय? आम्ही नंदुरबारला सगळे टीव्हीसमोर जागे होतो. एरवी जिम्नॅस्टिक्स म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक होतं? पण त्या रात्री आगरतळ्याची दीपा कर्माकर रिओ ऑलिम्पिकच्या व्हॉल्ट फायनलमध्ये उतरली होती. भारताची पहिलीच मुलगी! धावत येऊन, हातांवर उसळी घेऊन हवेत दोन कोलांट्या मारायच्या आणि पायांवर उतरायचं. या उडीचं नाव प्रोडुनोव्हा. जरा चुकलं तर मानच मोडायची. माझ्या सासूबाईंनी तर डोळेच मिटून घेतले.

दीपाला १५.०६६ गुण मिळाले आणि स्वित्झर्लंडच्या मुलीला १५.२१६. पदक अवघ्या ०.१५० ने हुकलं. सुवर्ण अमेरिकेच्या सिमोन बाइल्सला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. माझी लेक मात्र गप्प होती. ती तेव्हा नववीत होती आणि त्याच जूनमध्ये मी तिचं खो-खोचं ग्राउंड बंद केलं होतं. 'पुढे दहावी आहे' हे कारण सांगायला. खरं कारण वेगळंच. पोरगी मोठी झाली होती, हाफ पॅन्टवर पळते म्हणून नात्यातल्या बायका बोलायला लागल्या होत्या. त्यांचं नाव कशाला घ्यायचं, ऐकलं तर मीच ना!

नंतर मी दीपाबद्दल मिळेल ते वाचत गेले. तिचे वडील वेटलिफ्टिंगचे कोच. सहाव्या वर्षी तिला जिम्नॅस्टिक्सला घातलं तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. या खेळात ही मोठीच अडचण, उडीही बसत नाही आणि उतरणंही. कोच बिश्वेश्वर नंदींनी वर्षानुवर्षं व्यायाम करून घेतला. धड साधनंसुद्धा नव्हती. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ, मग रिओ. आणि तिथून परत आल्या आल्या ही बाई एम.ए.च्या परीक्षेला बसली! हे वाचलं तेव्हा माझं दहावीचं कारण मलाच टोचलं.

पुढचा रस्ता काही सरळ नव्हता. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. २०१८ मध्ये तुर्कस्तानात वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण मिळालं. नंतर तपासणीत बंदी असलेलं द्रव्य सापडलं म्हणून एकवीस महिने खेळाबाहेर. ते लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अशा मुलीला 'आता पुरे, लग्नाचं बघू' म्हणून केव्हाच घरी बसवलं असतं. दीपा परत आली. मे २०२४ मध्ये ताश्कंदला आशियाई स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं, भारताचं पहिलंच. तेव्हा ती तिशीत होती. ७ ऑक्टोबर २०२४ ला तिने निवृत्ती जाहीर केली. थांबायचं केव्हा, ते तिने स्वतः ठरवलं.

हे सगळं आज लिहायचं कारण शेजारच्या वहिनी. त्यांची मुलगी सातवीत आहे, मूळ गाव धडगावकडचं. सातपुड्याचे चढ लहानपणापासून चढलेली, पळायला लागली की मुलंसुद्धा मागे पडतात. परवा वहिनी हळूच म्हणाल्या, "ताई, तिला आता पाळी आली. ग्राउंड बंद करू का?"

मी त्यांना आधी दीपाचं नाही, माझ्या लेकीचं सांगितलं. ती आता पुण्यात नोकरी करते, चांगलं चाललंय. पण दीपाच्या निवृत्तीची बातमी आली त्या दिवशी तिचा फोन आला होता. म्हणाली, "आई, मी तेव्हा जिल्ह्याच्या टीमसाठी निवडले गेले होते, तुला सांगितलंच नव्हतं." मी फोन धरून नुसती उभी राहिले.

वहिनींनी अजून होकार दिलेला नाही. घरात विचारते म्हणाल्या. पोरगी मात्र आज पहाटेही बूट हातात घेऊन, आवाज न करता फाटकाबाहेर पडली. मी ओट्यावरून पाहिलं आणि काही बोलले नाही.