पगारी नोकरीतले उद्योजक

उद्योजक म्हटले की नोकरीचा राजीनामा देऊन स्वतःची कंपनी काढणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. आरोग्याच्या क्षेत्रातही हल्ली स्टार्टअप, ॲप आणि गुंतवणूकदार यांचीच चर्चा जास्त होते. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत ज्या कल्पनांनी लाखो जीव वाचवले, त्यांतल्या कित्येक कल्पना महिनाअखेरीस पगार घेणाऱ्या माणसांनी, आहे त्याच नोकरीत राहून प्रत्यक्षात आणल्या. अशा कर्मचाऱ्यांसाठी इंग्रजीत 'इंट्राप्रेन्योर' असा शब्द आहे. गिफर्ड पिन्शो या अमेरिकी लेखकाने १९८५ मधल्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. मराठीत त्याला संस्थेतला उद्योजक म्हणता येईल.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. मुंबईत शीवला महापालिकेचे लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. धारावी आणि आसपासच्या वस्त्यांतल्या बाळंतिणी तिथे येतात. तिथल्या नवजात शिशू विभागात कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची बाळे जंतुसंसर्गाने दगावत. विभागातल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी महागड्या यंत्रांची वाट पाहिली नाही. बाटली आणि पावडरचे दूध बंद केले, बाळाच्या शुश्रूषेत आईलाच सामील करून घेतले. पण ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा जिला दूधच येत नाही, त्याचे काय? या प्रश्नातून १९८९ मध्ये शीव रुग्णालयात मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ती आशियातली पहिली मानली जाते. ज्या मातांना बाळाची गरज भागूनही दूध उरते, त्या ते स्वेच्छेने देतात. त्यांच्या रक्ताची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते आणि गोठवून ठेवले जाते. यातले कुठलेच तंत्र नवे नव्हते. महापालिकेच्या रुग्णालयात ते रोजच्या रोज, बिनचूक चालवून दाखवणे हे नवे होते.

दुसरे उदाहरण १९७१ चे. बांगलादेश मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेवरच्या बनगाव इथे पटकीची साथ पसरली. कोलकात्यातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोहोचले, तेव्हा शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात घालून तोंडावाटे दिल्यास पटकीच्या रुग्णाचे शरीर ते शोषून घेते, हे तोवर ढाका आणि कोलकाता इथल्या अभ्यासांतून दिसले होते. पण ते काम प्रशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते. महालनबीस यांनी कोलकात्यात पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत द्रावण बनवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. आज घरोघरी माहीत असलेल्या जलसंजीवनीला मिळालेली ही मोठी कसोटी होती.

तिसरे उदाहरण एका बड्या औषध कंपनीतले. मर्क कंपनीने जनावरांतल्या कृमींसाठी आयव्हरमेक्टिन हे औषध तयार केले. घोड्यांतल्या एका कृमीवर त्याचा परिणाम पाहून कंपनीतले शास्त्रज्ञ विल्यम कॅम्पबेल यांनी वरिष्ठांपुढे प्रस्ताव मांडला, की माणसाला आंधळे करणाऱ्या 'रिव्हर ब्लाइंडनेस' या रोगावरही हे चालेल. रोग आफ्रिकेतल्या अतिगरीब खेड्यांतला होता. औषध विकत घेऊ शकेल असा ग्राहकच नव्हता. तरीही संशोधन विभागाचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी होकार दिला. कंपनीतलेच डॉक्टर मोहम्मद अझीझ यांनी १९८१ मध्ये सेनेगलमध्ये अगदी कमी मात्रेपासून चाचणी सुरू केली. १९८७ मध्ये, व्हॅजेलोस कंपनीचे प्रमुख असताना, मर्कने हे औषध फुकट देण्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये कॅम्पबेल नोबेलचे मानकरी ठरले. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हत्तीरोग निर्मूलनासाठी वाटलेल्या गोळ्यांत हेच आयव्हरमेक्टिनही होते.

तिन्ही ठिकाणी काही गोष्टी सारख्या आहेत. प्रश्न ज्याच्या डोळ्यांसमोर होता, त्यानेच उत्तर शोधले. संस्थेची जागा, माणसे, पैसा आणि नाव वापरता आले, म्हणून ते उत्तर उभे राहू शकले. बाहेर पडून एकट्याने हे करणे जवळजवळ अशक्य होते. आणि वर कुणीतरी 'करून पाहा' म्हणणारे, किंवा निदान आडवे न येणारे होते.

आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत नेमकी ही शेवटची गोष्ट दुर्मीळ आहे. वॉर्डातल्या सिस्टरला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला काय अडते हे रोज दिसते. पण सुचवलेला बदल यशस्वी झाला तर श्रेय वर जाते, फसला तर खुलासा मागितला जातो. दोन-चार हजारांच्या वस्तूसाठी फाईल महिनोन्महिने फिरते. ती परत येईपर्यंत सुचवणाऱ्याची बदली झालेली असते. अशा व्यवस्थेत काही न सुचवणे हेच शहाणपणाचे ठरते. याची किंमत रुग्ण मोजतो. शीवची पेढी १९८९ ची आणि मातृदुग्ध पेढ्यांबाबत केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या २०१७ मध्ये. मधली २८ वर्षे किती अपुऱ्या दिवसांची बाळे पावडरच्या दुधावर राहिली असतील, याचा विचार केलेला बरा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे. प्रत्येकाने आपापल्या मनाने प्रयोग केले तर रुग्णांचे काय होईल? आक्षेप खरा आहे, आणि वरच्या तीन उदाहरणांतच त्याचे उत्तर आहे. महालनबीस यांच्या पाठीशी आधीचे संशोधन होते. अझीझ यांनी टप्प्याटप्प्याने चाचणी घेतली. शीवमध्ये तपासणी आणि निर्जंतुकीकरणाचे काटेकोर नियम पाळले गेले. उपचारच बदलायचा असेल, तर नैतिकता समितीची परवानगी हवीच. पण वॉर्डातली कामाची पद्धत, औषधांची मांडणी, रुग्णाला घरी सोडताना द्यायची माहिती, रांगेचे नियोजन यांतल्या सुधारणांना तितकी कडक चाळणी कशाला? दोन्हींना एकच लाल फीत बांधल्याने धोकादायक प्रयोग थांबतातच असे नाही, साध्या सुधारणा मात्र हमखास थांबतात.

मग करायचे काय? सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्या निधीतला लहानसा वाटा कर्मचाऱ्यांच्या कल्पनांसाठी राखून ठेवावा आणि मंजुरी रुग्णालयाच्याच पातळीवर मिळावी. प्रत्येक कल्पनेला ठरावीक मुदत, म्हणजे समजा सहा महिने द्यावेत. आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे मोजून लिहून ठेवावे. फसलेल्या प्रयत्नाचीही नोंद असावी आणि ती गोपनीय अहवालात कुणाच्या विरोधात वापरली जाऊ नये. प्रयोग चालू असताना त्या कर्मचाऱ्याची बदली टाळावी. आणि जे यशस्वी ठरेल, ते ठरावीक मुदतीत शेजारच्या रुग्णालयांत पोहोचवण्याची जबाबदारी एखाद्या अधिकाऱ्यावर नावानिशी टाकावी. बनगावच्या छावणीतले काम जागतिक आरोग्य संघटनेतल्या डॉ. धीमान बरुआ यांनी पाहिले आणि जलसंजीवनीसाठी संघटनेत पाठपुरावा केला. असा पाठपुरावा करणारा माणूस प्रत्येक जिल्ह्याला हवा.

यांतल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. पुढच्या वेळी एखाद्या सरकारी दवाखान्यात काही चांगले, वेगळे दिसले, तर ते कुणाला सुचले हे जरूर विचारा आणि ते नाव तिथल्या अभिप्राय वहीत लिहून या. त्या सिस्टरची किंवा तंत्रज्ञाची दखल घेण्याची सुरुवात निदान आपल्यापासून तरी होईल.