दाखला आधीं, कर्ज मागाहून

बारावीचा निकाल लागला कीं गांवांत पेढे वांटले जातात. पेढे संपतात आणि तिसऱ्या दिवसापासून बापाची येरझार सुरू होते. कोणी सावकाराच्या ओसरीवर बसतो, तर कोणी दावणीची गाय बाजारांत नेतो. कुंडल-पलूसकडील आमच्या शेतकरी, सुतार, लोहार, कुंभार बंधूंस आमचा रोकडा सवाल आहे: कर्ज काढण्यापूर्वीं लेकरांच्या हक्काची शिष्यवृत्ति तुम्हीं शोधली काय?

कित्येक भिडस्त मंडळी म्हणतात, सरकारपुढें हात कशास पसरावा? हा निव्वळ भ्रम आहे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें कीं, सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामानें आणि विद्येचा लाभ जातो वरच्या वर्गांकडे. शिष्यवृत्त्या केवळ चढाओढीनें दिल्यास विद्या जेथें आधींच आहे तेथेंच त्या जातील. सबब त्यांतील कांहीं मागें राहिलेल्या वर्गांस द्याव्या, असें त्यांचें म्हणणें होतें. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या मदतीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत गेले. त्या पैशाचें व्याज सारा देश आजवर खात आहे. किर्लोस्करांचे नांगर विकणाऱ्या भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि बोर्डिंगांतल्या मुलांसाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. अशी ही परंपरा आहे. तिच्यांत भीक कोठें आली?

आज योजना पुष्कळ आहेत. आठ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांसाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतील मुलींस, त्याच उत्पन्न मर्यादेंत, शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अनुसूचित जातींच्या मुलांस अडीच लाखांच्या मर्यादेंत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति मिळते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांकरितां पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा आणि पैसा बँकेच्या खात्यांत येतो.

मग घोडें अडतें कोठें? कागदांत! आमच्या हाताखालून गेलेल्या एका मुलीस अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला. जातीचा दाखला होता, पण पडताळणी झालेली नव्हती. ती होईपर्यंत अर्जाची मुदत गेली. आईनें पाटल्या मोडून फी भरली. शिष्यवृत्ति होती, मुलगी लायक होती; उणीव होती ती एका कागदाची. आम्ही तिचे शिक्षक. तो कागद अकरावींतच मागून ठेवा असें आम्हीं तिच्या बापास सांगितलें नाहीं, ही चूक आमच्या पदरीं आहे, आणि म्हणूनच हें लिहीत आहों.

तर बंधूंनो, ध्यानांत धरा. मूल अकरावींत गेलें कीं जातपडताळणीचा अर्ज करा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरींतून निकालाच्या आधींच काढा. इतर मागास वर्गांतील असाल तर नॉन-क्रीमीलेअरचा दाखला विसरूं नका. मुलाच्या खात्यास आधार जोडलें आहे काय, तें बँकेंत जाऊन पाहा. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश सरकारी फेरींतून घ्या. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतल्यास या सवलती हातच्या जातात. आणि एकदां मिळाली म्हणून स्वस्थ बसूं नका; दरवर्षीं अर्जाचें नूतनीकरण करावें लागतें.

हें एकट्या अडाणी बापाचें काम नव्हे. गांवांतील शिकलेल्या पोरांनीं उन्हाळ्यांत दर रविवारीं वाचनालयांत बसावें आणि येईल त्याचे कागद तपासून द्यावे. यास ना वर्गणी लागते, ना पुढारी. १९४३ नंतर ज्या कुंडलनें इंग्रजाच्या सत्तेस न जुमानतां प्रतिसरकार चालविलें, तें कुंडल एका दाखल्यापुढें हात टेकणार काय? गाय दावणीस राहूं द्या, पाटल्या हातांत राहूं द्या. आधीं दाखला काढा; त्यावरही कमी पडलें तर मग कर्जाचा विचार करा.