नाव ओसेजांचं, जमीन कुणाची?

अमेरिकेत ओसेज आदिवासींच्या नावाची नदी आहे. मिसुरी, कॅन्सस, ओक्लाहोमा, तिन्ही राज्यांत ओसेज जिल्हा आहे. ज्या लाकडाची ते धनुष्यं करायचे, ते झाडही ‘ओसेज ऑरेंज’. केवढा मान!

पण १८०८ आणि १८२५ च्या करारांत मिसुरीतली जमीन गेली. मग कॅन्ससमधूनही उठवलं. ओक्लाहोमात त्यांनी स्वतःच्या पैशानं जमीन घेतली, १९०६ साली खालचं तेल सामाईक राखलं. तर १९२० नंतर त्या तेलाच्या हिश्शांसाठी त्यांचे खून पाडले.

नदीला नाव द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? जमीन द्यायची म्हटली की पोटात दुखतं. पाटीवरच्या नावानं पोट भरत नाही. नाव सातबाऱ्यावर पाहिजे!