डॉक्टरांना पुरावा द्या, हमीही द्या

एआय वापरायला डॉक्टर कचरतात, ही तक्रार अर्धवट आहे. स्वीडनमध्ये ८० हजारांवर स्त्रियांच्या स्तनतपासणीत एआयच्या मदतीने सुमारे २० टक्के अधिक कर्करोग सापडले आणि मॅमोग्राम वाचण्याचा भार ४४ टक्क्यांनी हलका झाला. निदान मात्र रेडिओलॉजिस्टच करत होते. इतका भक्कम पुरावा असताना मागे राहणे रुग्णांवर अन्यायच. यंत्राच्या सवयीने नजर बोथट होईल, ही भीती मात्र पोकळ नाही. पोलंडमध्ये एआय रुळल्यानंतर त्याच्याविना केलेल्या कोलोनोस्कोपीत अडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणाऱ्या आतड्यातील गाठी) सापडण्याचे प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर घसरले. त्यावर उपाय बंदी नव्हे, यंत्राविना नियमित सराव हा आहे. रुग्णालयांनी तो सक्तीचा करावा. एआयमुळे चूक झाली तर जबाबदारी कोणाची, हेही खरेदीआधीच लेखी ठरवावे.